मदत हवी आहे: पिलोमध्ये मराठी जोडाक्षरं तुटतात, आणि ‘कऱ्हाड’चं ‘कर्हाड’ होतं

नमस्कार मंडळी,

मी कऱ्हाड तालुक्यातल्या एका शाळेत शिकवते. वाचन स्पर्धेतल्या १८३ मुलांना २६ जानेवारीला प्रमाणपत्रं द्यायची आहेत. पालकांनी फॉर्ममध्ये भरलेली नावं माझ्याकडे आहेत, म्हणून पायथॉनमध्ये छोटा प्रोग्राम लिहिला. प्रमाणपत्राच्या चित्रावर तो पिलो (पायथॉनची चित्रं बनवायची लायब्ररी) वापरून मुक्ता फाँटमध्ये नाव, इयत्ता आणि गाव उमटवतो. घरच्या उबुंटूवर झकास चाललं. शाळेतल्या विंडोजवर तोच प्रोग्राम, तीच फाँटची फाइल, आणि नावांची पार दशा झाली.

‘प्रियांका’ घ्या. प खाली हलन्त दाखवत एकटा उभा, र सुटा, आणि पहिली वेलांटी र च्या पुढे जाऊन य ला चिकटलेली. ‘कीर्ती’तला रफार त वर चढतच नाही. नोटो सान्स देवनागरी लावून पाहिला, तेच. पिलो काढून परत टाकलं, तेच. मात्र त्याच संगणकावर फायरफॉक्समध्ये तोच फाँट अगदी शुद्ध दिसतो.

एकांनी सुचवलं की वेलांटी अक्षराच्या आधी टाइप करा. ते मला करायचं नाही. चित्र दिसायला सुधारेल, पण यादीतलं नाव कायमचं बिघडेल, आणि जोडाक्षरं तरीही जुळणार नाहीतच.

दुसरी अडचण घरीसुद्धा आहे. काही मुलांच्या गावापुढे ‘कऱ्हाड’ नीट येतं, काहींच्या पुढे ह वर रफार चढून ‘कर्हाड’ होतं. ‘कुऱ्हाडे’ आडनावाचंही तसंच. एकाच फाँटमध्ये एकच शब्द दोन तऱ्हेने का दिसावा? मुलं हा कागद घरी भिंतीवर लावतात. नाव चुकलेलं मला चालणार नाही.

उत्तर १

ताई, फाँटचा दोष नाही. फायरफॉक्स आतून हार्फबझ ही अक्षरं जुळवणारी लायब्ररी वापरतो, त्याला हाच फाँट जमतो, म्हणजे फाँटमधले नियम ठीक आहेत. विंडोजवर पिलोला विचारा: फीचर्स.चेक मध्ये ‘रक्म’ (raqm, मजकूर मांडणारी लायब्ररी) द्या. काय येतं?

धागाकर्ती

विंडोजवर फॉल्स. उबुंटूवर ट्रू.

उत्तर १

मग तिथेच गाठ आहे. अक्षर रंगवायचं काम फ्रीटाइप नावाची लायब्ररी करतं. त्याला आकृतीचा क्रमांक दिला की ते ती आकृती काढून देतं, पण वेलांटी कुठे जाते, प आणि र चा प्र कधी होतो, हे त्याला ठाऊक नसतं. ते ठरवतं हार्फबझ. (नावातला ‘हार्फ’ म्हणजे फारसी हर्फ, अक्षर. आपल्या ‘हरफ’चा सख्खा भाऊ.) पिलो हार्फबझपर्यंत लिबरक्ममधून, म्हणजे वरच्या ‘रक्म’मधून पोचतं. तो रस्ता बंद असला की पिलो गुपचूप साध्या मांडणीवर येतं आणि वर्ण टाइप केलेल्या क्रमाने नुसते शेजारी ठेवतं. तुमची वेलांटी म्हणूनच उजवीकडे गेली.

पिलोच्या तयार पॅकेजमध्ये ८.२ आवृत्तीपासून लिबरक्म येतं, पण त्याला लागणारी फ्रिबिडी ही लायब्ररी पिलो चालू असताना बाहेरून शोधतं. फ्रिबिडी उजवीकडून डावीकडे जाणाऱ्या लिप्यांसाठी आहे, मराठीला तिची गरज नाही, तरी ती सापडली नाही तर सगळंच अडतं. उबुंटूवर ती बहुतेक आधीच असते. विंडोजवर फ्रिबिडीची डीएलएल (लायब्ररीची फाइल) पायथॉनच्या एक्झी फाइलशेजारी ठेवा आणि पुन्हा चेक करा. ट्रू आलं की मजकूर काढताना भाषा म्हणून ‘एमआर’ (mr, मराठीचा कोड) ही द्या. फाँटमध्ये मराठी वळणाचे ल आणि श वेगळे दिलेले असतील तर हार्फबझ ते उचलतं.

उत्तर २

‘कऱ्हाड’बद्दल: नावं साफ करताना अदृश्य वर्ण काढता का? तो अर्धा र दोन प्रकारे लिहिला जातो. एक, ऱ आणि हलन्त. दुसरा, साधा र, हलन्त आणि झीरो विड्थ जॉइनर, म्हणजे यू+२००डी. जॉइनर गेला की उरतो र आणि हलन्त, आणि नियमाने त्याचा रफारच होणार. साफसफाईच्या आधी ‘र, हलन्त, जॉइनर’ दिसेल तिथे ‘ऱ, हलन्त’ घाला. यादीत नाव शोधतानाही मग दोन रूपं आड येणार नाहीत.

धागाकर्ती

दोघांचे मनापासून आभार. डीएलएल ठेवली, ट्रू आलं, ‘प्रियांका’ सरळ झाली. आणि हो, अदृश्य वर्ण पुसणारी ओळ मीच कुठूनतरी उचलून घातली होती. फॉर्मची मूळ प्रत जपलेली असल्यामुळे जॉइनर परत मिळाले, ११ नावं सुधारली. उद्या साध्या कागदावर एक प्रत काढून प्रत्येक मुलाला आपलं नाव वाचायला देते, मग छपाई.