विषय: हॉलमधलं तुंबलेलं युरिनल - कृपया कोणीही त्यात अजून काही ओतू नका

शुक्रवार, रात्री ९:१०
इमारत समितीकडून

मंडळी नमस्कार,

गणपती झाल्यापासून आपल्या हॉलच्या जेन्ट्स टॉयलेटमधलं तिसरं, खिडकीकडचं युरिनल तुंबलंय. फ्लश केलं की पाणी जाळीच्या वर चढतं आणि दहा-पंधरा मिनिटं तसंच उभं राहतं, वास तर दारातच येतो. काल संध्याकाळी मी कॉस्टिकवालं ड्रेन ओपनर आणून अख्खी बाटली ओतली, रात्रभर ठेवलं, काही फरक नाही. कोजागिरी दोन आठवड्यांवर आलीय आणि प्लंबरने फोनवर सांगितलेला आकडा ऐकून खजिनदार म्हणाले आधी लिस्टवर विचारा. कोणाला यातलं माहिती आहे का?

शुक्रवार, रात्री ९:५२

अगं, एवढं काय त्यात. आम्ही पुण्याला हार्डवेअरच्या दुकानातून ऍसिडची बाटली आणायचो (आता तशी सुटी मिळत नाही, २०१३ मध्ये सुप्रीम कोर्टाने बंधनं आणली ते बरंच झालं), ओतलं की फेस यायचा आणि संडासाचं भांडं पाच मिनिटांत लख्ख. इथे अमेरिकेत तेच म्युरिॲटिक ऍसिड म्हणून स्विमिंग पूलच्या सामानात मिळतं. माझ्याकडे हॉलची किल्ली आहे, उद्या सकाळी आठला जाऊन ओतून येतो, वास जायला वरून थोडं ब्लीच टाकतो. तुम्ही तरुण मंडळी कोजागिरीच्या दुधाचं बघा.

शुक्रवार, रात्री १०:१५

काका, प्लीज उद्या जाऊ नका. तुम्हाला दोनदा फोन केला, लागला नाही म्हणून सगळ्यांसमोर लिहितोय, राग मानू नका.

त्या युरिनलखालच्या वाकड्या नळीत, म्हणजे ट्रॅपमध्ये, कालचं कॉस्टिक अजून तसंच बसलंय, कारण पाणी पुढे सरकतच नाहीये. त्याच्यावर ऍसिड पडलं तर दोन्ही एकमेकांवर तुटून पडतात, एकदम तापतात आणि तो उकळता फवारा वर उडतो, नेमकं आपण वाकून बघत असतो तेव्हा तोंडावर. आणि ऍसिडवर ब्लीच म्हणजे क्लोरीन वायू, त्या खिडकी न उघडणाऱ्या बारक्या खोलीत. नुसतं ब्लीच टाकलं तरी चालत नाही, साचलेल्या लघवीतल्या अमोनियाशी त्याचा क्लोरामाईन होतो, तोही छातीत जातो.

हे पुस्तकातलं सांगत नाहीये. मी आधी ज्या इमारतीचं मेंटेनन्स बघायचो तिथे रात्रीच्या माणसाने युरिनलमध्ये ब्लीच ओतून ठेवलं होतं, कोणाला सांगितलं नाही, आणि सकाळी आलेल्या पोराने त्यावर ऍसिडचं क्लीनर मारलं. मी दार उघडलं तर घशात आतून चिमटा बसल्यासारखं झालं, डोळ्यांतून घळाघळा पाणी, आणि तो पोरगा बेसिनला धरून खोकत होता, त्याला बाहेर यायचंही सुचेना. ओढून आणला. दोन दिवस हॉस्पिटलमध्ये होता. म्हणून माझं म्हणणं एवढंच की आत काय अडकलंय आणि आधी कोणी काय ओतलंय हे कळल्याशिवाय कुठलीही बाटली उघडायची नाही. कधी असं झालंच तर आधी मोकळ्या हवेत पळायचं, श्वासाचा त्रास वाटला तर ९११, नुसतं विचारायचं असेल तर पॉयझन कंट्रोल १-८००-२२२-१२२२, चोवीस तास.

आता कॉस्टिकने काम का झालं नाही ते. किचनच्या सिंकमध्ये तेल-तूप असतं, बाथरूममध्ये केस, ते कॉस्टिकने विरघळतं. युरिनलमध्ये यातलं काहीच नसतं, तिथे दगड तयार होतो. लघवीतल्या युरियाचं बॅक्टेरिया अमोनिया करतात, त्याने आतलं पाणी अल्कली, म्हणजे ऍसिडच्या उलट, होतं, आणि मग कॅल्शियम, मॅग्नेशियम, फॉस्फेट जे काही विरघळलेलं असतं ते खाली बसून पाईपला चिकटतं. अल्कलीमुळेच जमलेल्या दगडावर आपण कॉस्टिक म्हणजे अजून अल्कलीच ओतली, तो कसा सुटेल? त्यात इंडियानाचं पाणी जड, खाली सगळी चुनखडी, त्यामुळे फ्लशच्या पाण्यातूनही क्षार येतात. जुन्या तांब्याच्या बंबाला आतून जशी पांढरी खपली धरायची तसंच, फक्त वासाचं.

आपल्या हॉलला अजून एक गोष्ट नडते. गणपतीत दोन दिवसांत शेकडो माणसं येऊन जातात आणि नंतर तीन-तीन आठवडे हॉल बंद, म्हणजे शेवटच्या माणसाची लघवी ट्रॅपमध्ये तशीच मुरत पडते. शिवाय मागे पाणी वाचवायला म्हणून एक गॅलनचे जुने फ्लश काढून अर्ध्या लिटरचे बसवले. तेव्हा मीच हात वर केला होता, पण तेवढ्या पाण्यात ट्रॅप धुऊन निघत नाही.

काकांचं ऍसिड तत्त्वतः बरोबर आहे, हा दगड ऍसिडनेच सुटतो. पण म्युरिॲटिक नको, त्याच्या वाफेने क्रोमची जाळी आणि स्टीलचे स्क्रू काळे पडतात, टाईल्समधलं सिमेंट खातं, आणि जुना लोखंडी पाईप असेल तर तोही. सल्फॅमिक ऍसिडची पावडर मिळते, तिची वाफ फारशी येत नाही, ती वापरू. तीसुद्धा ब्लीचजवळ न्यायची नाही. आणि तेही शेवटी, आधी हाताने उघडायचं.

शनिवारी मी जातो. तोवर दाराला चिठ्ठी लावा.

शुक्रवार, रात्री ११:०५

बेकिंग सोडा आणि व्हिनेगर चालेल का हो दादा? घरी मी सिंकला तेच करते, मस्त फेस येतो.

शुक्रवार, रात्री ११:२०

ताई, फेस दिसतो पण सोडा आणि व्हिनेगर एकमेकांनाच संपवतात, मागे उरतं ते जवळजवळ मिठाचं पाणी. नुसतं व्हिनेगर रात्रभर ठेवलं तर पातळ थर थोडा सुटतो, घरच्या कमोडला करून बघा. इथे आत बोटभर दगड असणार.

शनिवार, सकाळी ७:३०

बरं बाबा, नाही जात एकटा. पण मदतीला येतो, टॉर्च धरतो. बाटली गॅरेजमध्येच राहू दे.

शनिवार, संध्याकाळी ५:४०

मंडळी, झालं काम. काका आणि मी नऊला पोचलो, बाहेरचं दार उघडं ठेवलं, एक्झॉस्ट लावला, लांब हातमोजे आणि गॉगल. आधी वरचं कॉस्टिकचं पाणी जुन्या पंपाने बादलीत काढलं आणि बरंच पाणी मिसळून पातळ केलं. मग खाली बादली ठेवून ट्रॅपचे दोन्ही नट पान्याने सैल केले. काकांनी टॉर्च मारला आणि दोघंही बघतच राहिलो, दीड इंचाच्या पाईपमध्ये करंगळी जेमतेम जाईल एवढंच भोक उरलं होतं. बाकी सगळा मातकट पिवळा दगड, एकावर एक थर, कांद्यासारखे. काकांनी लाकडी दांड्याने बाहेरून हळूच ठोकलं तर खापरीचा तुकडा निघावा तसा तळव्याएवढा एक तुकडा सुटून बादलीत पडला. त्यात दोन टूथपिक आणि गुलालाने लाल झालेला दोऱ्याचा गुंता होता, तेवढ्याला धरून सगळं जमत गेलं असणार.

भिंतीतल्या पाईपमध्ये हाताने फिरवायची स्प्रिंग घातली, चार फुटांपर्यंत खरखर लागत होती. मग ट्रॅप परत बसवून भरपूर पाण्याने धुतला, कॉस्टिकचा बुळबुळीतपणा गेल्याची खात्री केली, आणि तेव्हाच पावडर, आधी बादलीत कोमट पाणी आणि त्यात पावडर, उलट नाही. अर्धा तास बारीक बुडबुडे येत होते. तीन वेळा केलं. आता फ्लश केलं की पाणी घुर्र करून लगेच खाली जातं. वॉशर जुने झाले होते ते बदलले, साडेचार डॉलर, पावती खजिनदारांना दिलीय.

यापुढे हॉलला कुलूप लावायच्या आधी ज्याची ड्युटी असेल त्याने प्रत्येक युरिनलमध्ये एक बादली साधं पाणी ओतायचं, म्हणजे ट्रॅपमध्ये लघवीच्या जागी पाणी राहील. बादली मोरीत निळ्या झाडूशेजारी ठेवलीय. आणि कोणी काही ओतलंच तर दाराच्या आतल्या वहीत तारीख, वेळ आणि बाटलीचं नाव लिहायचं. डांबराच्या गोळ्या कोणी ठेवू नका, त्याने वास झाकतो, दगड वाढतच राहतो.

दुसऱ्या युरिनलचं पाणीही आता हळू उतरायला लागलंय. पुढच्या शनिवारी नऊ वाजता ते उघडू. काका येणार आहेत, अजून एक जण हवाय, पाना माझ्याकडे आहे, हातमोजे घरून आणा.