बीॲट्रिसला गाडी वळवाच

अमेरिकेतल्या नेब्रास्का राज्यात मक्याच्या शेतांपलीकडे बघण्यासारखं काही नाही, असं काही जण म्हणतात. मला काही ते पटलं नाही. गेज काउंटीत बीॲट्रिस गावाबाहेर होमस्टेड नॅशनल हिस्टॉरिकल पार्क आहे, तिथे अर्धा दिवस सहज जातो.

१८६२च्या होमस्टेड कायद्यात सरकारचा सौदा असा होता: १८ डॉलर फी भरा, पाच वर्षं तिथेच राहून शेती करा, १६० एकर जमीन तुमची. कायदा १ जानेवारी १८६३ला लागू झाला आणि डॅनियल फ्रीमन नावाच्या गृहस्थाने त्याच दिवशी अर्ज ठोकला. आजचं पार्क त्याच्याच जमिनीवर आहे. १८६७ची एक लाकडी केबिन जपून ठेवलीय, जेमतेम १४ बाय १६ फुटांची. आत उभं राहून त्यात भरल्या कुटुंबाचा हिवाळा कसा निघत असेल याचा अंदाज घ्या! नेब्रास्कात लाकूड दुर्मीळ, म्हणून कित्येकांनी नांगराने गवताळ मातीचे ठोकळे कापून त्यांच्याच भिंती रचल्या.

पण 'फुकट जमीन' हा शब्दप्रयोग मला खटकतो. हा ओटो-मिसूरिया या मूळ अमेरिकन जमातीच्या लोकांचा मुलूख. १८५४च्या करारात त्यांना बहुतेक जमीन सोडावी लागली, उरलेलं बिग ब्लू नदीकाठचं रिझर्व्हेशन, म्हणजे त्यांच्यासाठी राखून ठेवलेली जमीनही पुढे हातची गेली आणि ते आजच्या ओक्लाहोमात गेले. केबिनीइतकाच वेळ इतिहासाच्या या भागालाही द्या.

जमलं तर उन्हाळा सरताना जा, तेव्हा तिथल्या प्रेअरीचं, म्हणजे गवताळ माळरानाचं, गवत माणसाच्या डोक्यावर गेलेलं असतं.