मदत हवी आहे: ‘ऑटिझम नाही, सोशल कम्युनिकेशन डिसऑर्डर आहे’ असं निदान झालं आणि थेरपी नाकारली (न्यू जर्सी)

नमस्कार. आम्ही न्यू जर्सीत, मिडलसेक्स काउंटीत राहतो. मुलगा साडेचार वर्षांचा आहे. तो तीन वर्षांचा होऊन गेल्यावर आम्ही पुण्याहून इकडे आलो, त्यामुळे इथली तीन वर्षांपर्यंतच्या मुलांची अर्ली इंटरव्हेन्शन सेवा आम्हाला मिळालीच नाही. आता त्याच्या तपासणीचा रिपोर्ट आलाय आणि पुढे काय करायचं ते सुचत नाहीये. यातून गेलेल्या पालकांनी आणि या क्षेत्रात काम करणाऱ्यांनी कृपया सांगा.

पुण्यात तो दोन वर्षांचा असताना नावाने हाक मारली तर वळायचा नाही, बोट दाखवून काही मागायचा नाही. पाणी हवं असेल तर माझं मनगट धरून माठापाशी न्यायचा. तिथल्या डॉक्टरांनी ‘पीडीडी-एनओएस (ऑटिझमसारखी, पण त्याच्या पूर्ण निकषांत न बसणारी लक्षणं), कोड एफ८४.९’ असं लिहिलं आणि नावात अडकू नका, थेरपी लगेच सुरू करा म्हणाल्या. स्पीच थेरपी आणि ओटी (ऑक्युपेशनल थेरपी, रोजच्या कामांसाठीची) दोन्ही केलं, त्याचा खूप फायदा झाला. आता तो वाक्यं बोलतो, नजर देतो, आजीशी व्हिडिओवर दोन मिनिटं बसतो. पण दुसऱ्या मुलांमध्ये गेला की एकटा पडतो. कोणी खेळायला बोलावलं तर काय करायचं हे त्याला कळत नाही.

इथल्या डॉक्टरांचं म्हणणं असं: पुण्याच्या कागदावरचं नाव डीएसएमच्या (मानसिक विकारांच्या निदानाच्या अमेरिकन निकषग्रंथाच्या) जुन्या आवृत्तीतलं आहे. २०१३ मध्ये डीएसएम-५ आलं तेव्हा ऑटिस्टिक डिसऑर्डर, ॲस्पर्गर, पीडीडी-एनओएस हे वेगवेगळे कप्पे गेले आणि सगळ्यांचा मिळून एक ‘ऑटिझम स्पेक्ट्रम डिसऑर्डर’ झाला. त्यात सामाजिक संवादाच्या तिन्ही बाबतींत अडचण दिसावी लागते, ती याच्यात दिसते. पण त्याच त्या हालचाली किंवा तेच ते बोलणं, ठरलेल्या क्रमाचा हट्ट, एकाच विषयाचं वेड आणि आवाज-स्पर्श वगैरेंना वेगळा प्रतिसाद, या चारपैकी किमान दोन गोष्टीही लागतात. त्यांना एकच दिसली, मिक्सर किंवा व्हॅक्यूम सुरू झाला की कान झाकणं. म्हणून रिपोर्टवर ‘सोशल कम्युनिकेशन डिसऑर्डर’ (फक्त सामाजिक संवादाची अडचण), कोड एफ८०.८२.

इन्शुरन्स कंपनीने एबीए (ऑटिझमसाठीची वर्तन-थेरपी) लगेच नाकारलं, कारण त्यासाठी एफ८४.० हा ऑटिझमचा कोड लागतो. स्पीच थेरपीही नाकारली. कारण काय, तर आजाराने किंवा अपघाताने गेलेली वाचा परत मिळवण्यासाठी ही थेरपी नाही. जी वाचा मुळातच उशिरा आली, तिला मग मदत करायचीच नाही का? शाळेच्या डिस्ट्रिक्टला (इथल्या सरकारी शाळांच्या कार्यालयाला) फोन केला, तर निदान ऑटिझमचं असेल तर बघता येईल असं मोघम उत्तर मिळालं.

त्याची अडचण तर तीच आहे. दोन वर्षांपूर्वी ज्या अडचणीसाठी थेरपी मिळत होती, तीच आज कागदावरचं नाव वेगळं आहे म्हणून मिळत नाही. मला निदान विकत घ्यायचं नाहीये. त्याला ऑटिझम नसेल तर आनंदच आहे. पण थेरपी हवी आहे आणि ती आत्ता हवी आहे. दुसरं मत घ्यावं का? पुण्याच्या रिपोर्टला इथे काही वजन आहे का? कुठेतरी वाचलं की ज्यांचं निदान जुन्या निकषांनी झालंय त्यांना नव्यातही ऑटिझमच धरायचं, अशी डीएसएम-५ मध्येच टीप आहे. आणि शाळेचं काय करायचं?

प्रतिसाद १

मी अमेरिकेत स्पीच थेरपिस्ट आहे, प्रीस्कूलच्या वयाच्या मुलांबरोबरच काम करते. ताई, सगळ्यात आधी शाळा. इन्शुरन्सचं भांडण लांबत जाईल, शाळेचा रस्ता आजच मोकळा आहे.

फोनवर काय सांगितलं ते सोडून द्या. डिस्ट्रिक्टच्या चाइल्ड स्टडी टीमला (मुलांची तपासणी करणाऱ्या तज्ज्ञांच्या गटाला) लेखी पत्र द्या: माझ्या मुलाच्या विकासात विलंब आहे असं मला वाटतं, स्पेशल एज्युकेशनसाठी त्याची तपासणी करावी. खाली तारीख घाला, ईमेलही करा. न्यू जर्सीत पत्र मिळाल्यापासून २० दिवसांत त्यांना तुमच्याबरोबर बैठक घ्यावी लागते. तपासणीला तुम्ही संमती दिली की तपासणी, पात्रता ठरवणं आणि तो पात्र ठरला तर आयईपी (त्याच्यासाठीचा लेखी शिक्षण आराखडा) सुरू करणं हे सगळं ९० दिवसांत व्हावं लागतं. तीन ते पाच वयाच्या मुलांसाठी इथे ‘प्रीस्कूल चाइल्ड विथ अ डिसॅबिलिटी’ असा वेगळा वर्ग आहे. त्याला ऑटिझमचं निदान लागत नाही. विकासाच्या एका क्षेत्रात ३३ टक्के किंवा दोन क्षेत्रांत प्रत्येकी २५ टक्के विलंब हा त्याचा एक निकष आहे. शाळेच्या कायद्यातली ऑटिझमची व्याख्यासुद्धा स्वतंत्र आहे, ती डीएसएमवर बांधलेली नाही. म्हणून दवाखान्यात नाव बदललं तरी शाळेचा दरवाजा आपोआप बंद होत नाही. शाळेचे लोकही हे दोन्ही एकच समजतात, मी रोज पाहते. या सेवेचा तुमच्या व्हिसाशीही संबंध नाही.

मात्र पाच वर्षं पूर्ण झाली की हा वर्ग संपतो आणि दुसऱ्या एखाद्या वर्गात पात्रता ठरवावी लागते. तुमच्याकडे फार वेळ नाही, पत्र याच आठवड्यात पाठवा.

डीएसएममधल्या टिपेबद्दल. ती खरी आहे, पण ती ‘पक्क्या प्रस्थापित’ जुन्या निदानाबद्दल आहे. दुसऱ्या वर्षी केलेलं, पुढे बघू अशा स्वरूपाचं निदान त्यात बसवणं अवघड आहे. त्यावर फार भिस्त ठेवू नका. निकष बदलले तेव्हा नेमकी पीडीडी-एनओएसवाल्या मुलांचीच काळजी होती. २०१२ मध्ये येल विद्यापीठाच्या संशोधकांनी जुनी माहिती नव्या निकषांवर तपासली, तर जेमतेम ६१ टक्के लोक बसत होते आणि पालकांमध्ये घबराट पसरली. त्याच वर्षी चार हजारांहून जास्त मुलांवरच्या दुसऱ्या अभ्यासात ९१ टक्के बसली. पुढे २०१४ मध्ये सीडीसीने (अमेरिकेच्या सरकारी आरोग्य संस्थेने) आपल्या नोंदी तपासल्या तेव्हा आकडा ८१ टक्के आला. जी राहिली, त्यांतली बहुतेक एकाच निकषाने कमी पडली होती. तुमच्या मुलाचंही तसंच दिसतंय.

म्हणून एक प्रश्न विचारते. तपासणी कोणत्या भाषेत झाली?

धागाकर्ती

मनापासून आभार. पत्र आज रात्रीच लिहिते.

तपासणी इंग्रजीतच झाली. दुभाषा हवा का असं विचारलं होतं, पण ते आम्हा आईवडिलांसाठी. आम्हाला इंग्रजी येतं म्हणून नको म्हटलं. त्याच्याशी त्या इंग्रजीत बोलत होत्या, तो थोडं इंग्रजी, थोडं मराठी बोलत होता. रिपोर्टमध्ये वाक्य आहे: ‘मूल खेळताना मातृभाषेत उत्स्फूर्तपणे बोलते.’

तुम्ही विचारल्यावर ते वाक्य पुन्हा वाचलं. तो त्या वेळी गाड्या एका रेषेत लावताना म्हणत होता, ‘पुढील स्थानक शिवाजीनगर. दरवाजे डावीकडे उघडतील.’ पुण्याच्या मेट्रोतलं आहे ते, स्थानकाचं नाव आणि बाजू तो मनाने बदलतो, पण चाल अगदी तीच. दिवसभर चालतं. भूक लागली तरी ‘भूक लागली’ म्हणत नाही, ‘बाळाला मऊ भात देऊ का’ म्हणतो. लहानपणी आजी जसं विचारायची तसं, तिच्याच सुरात.

प्रतिसाद १

हे सगळं एकोलेलिया (ऐकलेली वाक्यं त्याच सुरात पुन्हा म्हणणं) आहे आणि निकषांत ते स्पष्ट लिहिलेलं आहे, ‘तेच ते बोलणं’ यामध्ये. मराठी न येणाऱ्या माणसाला ते उत्स्फूर्त बोलणंच वाटणार. तुमच्या रिपोर्टमध्ये जी दुसरी गोष्ट सापडली नाही, ती कदाचित समोर बोलली जात होती.

आणखी एक. चारपैकी दोन गोष्टी आज दिसायलाच हव्यात असं नाही, पूर्वी होत्या अशी माहिती असेल तरी ती धरतात. सोशल कम्युनिकेशन डिसऑर्डर हे निदानही आधी ऑटिझम नाही याची खात्री करूनच द्यायचं असतं. तेव्हा दुसरं मत शोधण्याआधी त्याच डॉक्टरांना लिहा. पुण्याचा रिपोर्ट जोडा. दोन वर्षांचा असतानाचे फोनमधले व्हिडिओ काढा, वाढदिवसाचे नकोत, रोजचे. मेट्रोवाल्या बोलण्याचा एक व्हिडिओ घ्या आणि तो काय म्हणतोय, ते वाक्य मूळ कुठलं आहे, कोणत्या प्रसंगी म्हणतो हे इंग्रजीत खाली लिहा. ‘हे ऑटिझमच आहे’ असं म्हणू नका, जे आहे ते दाखवा. सगळं पाहूनही त्यांचं मत तेच राहिलं तर ते स्वीकारायला हवं. अपुऱ्या माहितीवरचं मत मात्र स्वीकारू नका.

शाळेच्या पत्रातही एक ओळ घाला, की घरात मराठी बोलतात आणि तपासणी त्याच्या भाषेत व्हावी. शक्य असेल तिथे तसं करणं कायद्याने त्यांच्यावर बंधनकारक आहे. मराठीचा दुभाषा इथे मिळतो, थोडा वेळ लागतो. तपासणी झाली आणि ती पटली नाही, तर डिस्ट्रिक्टच्या खर्चाने बाहेरच्या तज्ज्ञाकडून स्वतंत्र तपासणी मागायचा हक्कही तुम्हाला आहे.

प्रतिसाद २

आमची मुलगी आता नऊ वर्षांची आहे, आम्हीही न्यू जर्सीतच. इन्शुरन्सबद्दल एवढंच सांगतो की आधी एचआरला विचारा, प्लॅन ‘सेल्फ-फंडेड’ (खर्च कंपनी स्वतः भरते) आहे की ‘फुली इन्शुअर्ड’ (खर्च इन्शुरन्स कंपनी भरते).

२००९ च्या राज्याच्या कायद्यानुसार मूळ निदान ऑटिझम किंवा इतर विकासात्मक अक्षमता असेल तर स्पीच, ओटी आणि फिजिकल थेरपी द्यावी लागते. वाचा गेलेली होती की आलीच नव्हती, हा मुद्दा तिथे काढता येत नाही. एबीए मात्र फक्त ऑटिझमलाच. पण हा कायदा राज्याच्या नियमाखालच्या प्लॅनना लागतो. आपल्यातले बरेच जण ज्या मोठ्या आयटी कंपन्यांत आहेत तिथले प्लॅन बहुतेक सेल्फ-फंडेड असतात आणि ते केंद्राच्या कायद्याखाली येतात. आमचा तसाच निघाला. तिथे कंपनीच्या बेनिफिट्स विभागाकडे दाद मागावी लागते, कारण पैसे कंपनीचेच जातात. नवऱ्याला किंवा तुम्हाला तिथे थेट पत्र लिहिता येईल. नकाराचं पत्र जपून ठेवा, अपील कधीपर्यंत करता येतं ते त्यातच लिहिलेलं असतं.

प्रतिसाद ३

पुण्यातून लिहितेय, मुलगा अकरा वर्षांचा. परत यायचा विचार असेल तर हे लक्षात ठेवा. आपल्याकडे २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात ऑटिझम आहे, पण प्रमाणपत्रासाठी ‘इसा’ चाचणीचे गुण बघतात. चाळीस मुद्दे, प्रत्येकाला एक ते पाच. सत्तर गुणांना चाळीस टक्के दिव्यांगत्व धरतात आणि बहुतेक सवलती चाळीस टक्क्यांपासूनच सुरू होतात. सत्तरच्या खाली आलात तर डॉक्टरांनी ऑटिझम लिहिलेलं असूनही प्रमाणपत्र अडतं. थेरपीने सुधारलेल्या मुलांच्या बाबतीत हे फार लागतं मनाला. तेव्हा पुण्याचे सगळे मूळ कागद सांभाळा, थेरपीच्या रोजच्या नोंदीसुद्धा.

धागाकर्ती

सगळ्यांचे आभार. शाळेला पत्र पाठवलं, पोच आली. एचआरकडून कळलं की प्लॅन सेल्फ-फंडेडच आहे, नवरा बेनिफिट्सवाल्यांना लिहितोय. सासूबाईंकडे त्यांच्या जुन्या फोनमधले व्हिडिओ मागितलेत. झाकणं एकावर एक रचून कोणी हात लावला की पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचा, तो एक त्यांच्याकडे आहे.

अजून एक मदत हवी आहे. एडिसन, इझलिन, प्लेन्सबरो या बाजूला मराठी समजणारी स्पीच थेरपिस्ट कोणाच्या माहितीत आहे का? स्वतःच्या खिशातून का होईना, शाळेची तपासणी होईपर्यंत आठवड्यातून एकदा तरी सुरू करायचं आहे. हिंदी येत असेल तरी चालेल. नाव इथे न लिहिता व्यक्तिगत निरोप करा.