ग्रामसभा गेली, क्षेत्रसभा आलीच नाही. समाविष्ट गावांनी विचारायचं कुणाला?

नदीकाठचा

३० जून २०२१ ला पुण्यालगतची २३ गावं महापालिकेत गेली. वाघोली, सूस, म्हाळुंगे, नांदेड, किरकटवाडी, नऱ्हे, मांजरी बुद्रुक, पिसोळी वगैरे. त्याआधी ऑक्टोबर २०१७ मध्ये ११ गावं गेली होती. क्षेत्रफळात पुण्याने मुंबईला मागे टाकलं म्हणून २०२१ मध्ये बातम्या रंगल्या.

ग्रामपंचायती एका अधिसूचनेने बरखास्त झाल्या. पुढे मार्च २०२२ मध्ये महापालिकेची मुदत संपली आणि प्रशासक आले. निवडणुकीला मुहूर्त लागला तो थेट जानेवारी २०२६ मध्ये. हिशेब करा: २३ गावांतल्या माणसाला साडेचार वर्षं ना सरपंच, ना स्वतः निवडून दिलेला नगरसेवक. कर मात्र चालू.

पाणी, रस्ते, ड्रेनेज यावर इथे आधीच पुष्कळ लिहून झालंय. माझा मुद्दा वेगळा आहे. ग्रामपंचायत कशीही असो, कायद्याने वर्षाला किमान चार ग्रामसभा घ्याव्याच लागतात. सबळ कारण नसताना त्यातल्या दोन चुकवल्या तर सरपंचाचं पद जाऊ शकतं. तिथे जमाखर्च वाचला जायचा, घरकुलाची यादी वाचली जायची, आणि कुणीही उठून "गेल्या वर्षीचा बोअर कुठंय, दाखवा" म्हणू शकायचा. आता बहुतेक ठिकाणी चार नगरसेवकांचा एक प्रभाग. २०११ च्या जनगणनेचे साधारण ३४.८ लाख लोक, नगरसेवक १६५. म्हणजे एका प्रभागात सरासरी ८४ हजार लोक, तेही पंधरा वर्षांपूर्वीच्या आकड्याने. आज वाघोलीकडे काय अवस्था असेल ते रस्त्यावर उभं राहून बघा.

शहरालाही ग्रामसभेसारखी सोय कायद्यात आहे, हे बहुतेकांना माहीत नसतं. २००९ मध्ये महापालिका अधिनियमात कलम २९ब आणि पुढची कलमं घातली गेली. लागून असलेली काही मतदान केंद्रं मिळून एक क्षेत्र, त्यातले सगळे मतदार मिळून क्षेत्रसभा, अध्यक्ष नगरसेवक. सभा नियमित घ्यायची, नाही घेतली तर पद जाण्याची तरतूद. जेएनएनयूआरएम या शहरांसाठीच्या योजनेतला केंद्राचा निधी हवा होता आणि लोकसहभागाचा कायदा ही त्याची अट होती, म्हणून हे झालं. निधी आला. सभा कुणाला कुठे झालेली आठवते का?

माझं म्हणणं एवढंच, की नव्या नगरसेवकांकडे रस्ता-पाणी मागण्याआधी क्षेत्रसभा मागा. पटत नसेल तर का नाही, ते लिहा.

टँकरग्रस्त

ग्रामसभेचे गोडवे गाताना थोडा हात आखडता घ्या. मी समाविष्ट गावातल्या सोसायटीत राहतो, गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. ग्रामपंचायत असताना आम्ही काही फ्लॅटवाले ग्रामसभेला गेलो होतो. आधी "तुम्ही कुठले?" मग "मतदान इथं आहे का?" सांडपाण्याचा विषय काढला तर "तुमच्या बिल्डरला विचारा." संपलं.

कोरमचं तर बोलूच नका. १५ टक्के किंवा १०० मतदार, जे कमी असेल ते. तेवढेही जमायचे नाहीत. सभा तहकूब, आणि तहकूब सभेला कोरमच लागत नाही! आठवडाभराने शिपाई हजेरीचं रजिस्टर घेऊन घरोघरी सह्या गोळा करत फिरायचा. सहीच्या वर ठराव आधीच लिहिलेले असायचे, अंगठ्यासाठी शाईचा डबा सोबत. याला तुम्ही लोकशाही म्हणता?

आता माझं दुखणं. रात्री दोनला टँकर येतो. वॉचमन टाकीच्या तोंडाशी बसून बॅटरी मारतो आणि पाणी गढूळ आहे का बघतो. गढूळ निघालं तरी परत पाठवायची सोय नाही, कारण मग टँकरवाला दोन दिवस फिरकत नाही. मला सभा नको, पाइप हवा. पाइप महापालिकाच टाकू शकते, सरपंच नाही.

सातबारा

@टँकरग्रस्त, तुमच्या गढूळ टँकरचं खापर ग्रामपंचायतीवर का? तुमच्या बारा मजली इमारतीला परवानगी ग्रामपंचायतीने दिली का? आधी परवानग्या जिल्हाधिकारी कार्यालयातून मिळायच्या, २०१५ नंतर पीएमआरडीए म्हणजे पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडून. पाण्याची व्यवस्था मी करीन असं हमीपत्र बिल्डरने द्यायचं आणि नकाशा मंजूर. ते हमीपत्र बघून फ्लॅट घेतला होता की नमुना फ्लॅटमधला सोफा बघून?

आणखी गंमत. २०२१ ला २३ गावं महापालिकेत घेतली, पण नियोजनाचा अधिकार सरकारने पीएमआरडीएकडेच ठेवला. म्हणजे इमारत मंजूर करणार एक, नळ देणार दुसरा. पाणी आलं नाही की दोघंही एकमेकांकडे बोट दाखवणार. असा कारभार ग्रामपंचायतीला जमला नसता, एवढी अक्कल आम्हाला नव्हती.

कर बघा. पहिल्या वर्षी ग्रामपंचायतीचा दर, मग दर वर्षी २० टक्क्यांनी चढत काही वर्षांत शहराएवढा. शहराएवढं काय मिळालं? गोठ्याला, पत्र्याच्या शेडला बिगरनिवासी आकारणी झाल्याच्या तक्रारी गावोगाव आहेत. इतका गदारोळ झाला की सरकारलाच वसुलीला स्थगिती द्यावी लागली. ग्रामसभा असती तर ही आकारणी गावासमोर वाचावी लागली असती.

क्लोरिन

मी पाणीपुरवठ्याच्या कामाशी संबंधित आहे (सरकारी नाही, गैरसमज नको). दोन्ही बाजूंनी भावना भरपूर, पाणी कमी.

जानेवारी २०२५ आठवा. जीबीएस (गियाँ-बारे सिंड्रोम) या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण सिंहगड रस्ता परिसरात सापडायला लागले: नांदेड, किरकटवाडी, धायरी, खडकवासला. हातापायांतली ताकद जाते, काहींना व्हेंटिलेटर लागतो. रुग्णांच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर आणि नोरोव्हायरस सापडले, संशय दूषित पाण्यावर गेला. नांदेडची पाणीपुरवठ्याची विहीर तेव्हा रोज बातम्यांत होती. खडकवासल्याचं धरण डोक्यावर, आणि खालच्या गावांना विहिरीतलं पाणी नुसतं जंतुनाशक टाकून, गाळणी-शुद्धीकरणाशिवाय. विहिरीवरची योजना ही गावाच्या काळातली पद्धत. महापालिकेने ती ताब्यात घेतली आणि साडेतीन वर्षं तशीच चालवली.

म्हणून माझं मत @नदीकाठचा यांच्या विरुद्ध आहे. नळाच्या टोकाला शिल्लक क्लोरिन लिटरला ०.२ मिलिग्रॅम आहे की नाही, हे सभेत हात वर करून ठरत नाही. त्यासाठी रोज नमुना घेणारा माणूस लागतो, प्रयोगशाळा लागते, शुद्धीकरण केंद्राला पैसा लागतो. ग्रामसभा होती तेव्हा त्या पाण्याची तपासणी मागणारे किती ठराव झाले असतील? देवळाचा सभामंडप आणि कमान यांचे ठराव मात्र कुठल्याही गावात काढून बघा.

नदीकाठचा

@क्लोरिन, क्लोरिन मोजायला सभा लागत नाही, मान्य. पण मोजलं का हे विचारायला लागते. साडेतीन वर्षं तशीच चालवली, हे तुम्हीच लिहिलंय. ती साडेतीन वर्षं नेमकी कुठली? बहुतेक प्रशासकाची. अधिकारी होते, प्रयोगशाळा होती, अंदाजपत्रक हजारो कोटींचं होतं. नव्हता तो फक्त समोर उभा राहून जाब विचारणारा माणूस. त्याला उत्तर देणं ज्याला भाग आहे, असाही कुणी नव्हता.

उंबरठा

बायकांचं कुणीच काढलं नाही, म्हणून लिहिते.

ग्रामसभेआधी महिलांची वेगळी सभा घ्यायची असा नियम आहे. आमच्याकडे व्हायची. सतरंजीवर बायका, खुर्चीवर सदस्यबाईंचे यजमान. बाई सही करणार, उत्तरं यजमान देणार. त्यामुळे @टँकरग्रस्त यांचं रजिस्टर-पुराण मला खोटं वाटत नाही.

पण त्याच सभेत एका म्हातारीने "सार्वजनिक नळाच्या बाजूला दिवा नाही, पहाटे पाण्याला जाताना पोरी घाबरतात" असं तीनदा सांगितलं. तिसऱ्यांदा जरा शिव्या घालूनच. आठवड्यात दिवा लागला. ग्रामसेवक तिच्याच आळीत राहायचा, रोज तोंड दाखवायचं होतं ना! आता दिवा गेला की ॲपवर तक्रार. क्रमांक येतो, दोन दिवसांनी "तक्रार निकाली" असा निरोप येतो. दिवा बंदच. त्या म्हातारीकडे साधा बटणाचा फोन आहे, ती निकाली काय काढणार?

तुमच्या भांडणात मी कुणाच्याच बाजूने नाही. क्षेत्रसभा झाली तर तिथेही खुर्चीवर यजमानच बसतील, हेही लिहून ठेवा. पन्नास टक्के आरक्षण इथेही आहेच.

खवचट

क्षेत्रसभेचा अध्यक्ष नगरसेवक. एका प्रभागात नगरसेवक चार. चौघांत अध्यक्ष कोण? मांडव कुणाचा, फ्लेक्सवर मधला फोटो कुणाचा, यातच पहिली टर्म जाईल. आणि क्षेत्रं आधी ठरवून जाहीर करावी लागतात. ती केली नाहीत की "क्षेत्रच नाही तर सभा कशी घेणार?" असं म्हणून पदही शाबूत. कायदा करणाऱ्यांना सलाम.

बाकी पुण्यात नागरिकांच्या सूचनांचं अंदाजपत्रक २००६-०७ पासून आहे. अर्ज भरा, पाच लाखांपर्यंतचं काम सुचवा. आमच्या भागात त्यातून बाक आले. पाठीवर 'यांच्या प्रयत्नातून' लिहिलेले.

कालव्यापलीकडे

एवढी चर्चा आणि फुरसुंगी-उरुळी देवाचीचं नाव नाही? शहराचा कचरा वर्षानुवर्षं कुठे पडला? तिथे. २०१७ ला महापालिकेत घेतली, कर वाढला, लोक पेटले, आणि शेवटी सरकारने ती दोन गावं बाहेर काढून स्वतंत्र नगरपरिषद केली. आपला मुख्याधिकारी, आपला नगराध्यक्ष, कचेरी चालत जाण्याच्या अंतरावर. वाघोलीसारख्या मोठ्या गावांनी हीच मागणी लावून धरायला हवी. क्षेत्रसभा वगैरे मलमपट्टी झाली.

क्लोरिन

@कालव्यापलीकडे, बाहेर पडणं सोपं आहे. पाणी कुठून आणणार? महापालिकेच्याच योजनेतून ना? मग नगरपरिषद होऊनही हात पसरायचे तिथेच, फक्त आता ग्राहक म्हणून. सांडपाणी प्रकल्प उभारायचा तर नव्या नगरपरिषदेचं उत्पन्न किती, कर्ज कोण देणार?

हा आत-बाहेरचा खेळ नवा नाही. १९९७ ला ३८ गावं घेतली होती. विरोध झाला म्हणून काही वर्षांत त्यातली बरीच पूर्ण किंवा अर्धी वगळली. मधल्या काळात तिथे वाटेल तशी बांधकामं झाली, सहा मीटरच्या रस्त्यावर इमारतींच्या रांगा. मग तीच गावं २०१७ आणि २०२१ ला परत आत. धायरी, लोहगाव, आंबेगाव इथे फिरताना हा इतिहास खिडकीतून दिसतो. जी वीस वर्षं गावपण जपलं म्हणता, त्याच वीस वर्षांत ड्रेनेजची जागा गेली.

सातबारा

गावपण आम्ही जपलं म्हणत नाही, गुंठे आम्हीच विकले हेही खरं. पण विकत घेणारे कोण होते तेही लिहा की. आणि सहा मीटरच्या रस्त्यावरच्या त्या इमारतींना वीज मीटर, गृहकर्ज सगळं मिळालं. तेव्हा कुणाचं काही अडलं नाही.

टँकरग्रस्त

@नदीकाठचा, तुमचा प्रशासकाच्या काळाचा मुद्दा थोडा पटला, थोडाच. तरी माझी अट आहे. क्षेत्रसभा घ्यायचीच असेल तर रविवारी संध्याकाळी, आमच्या क्लबहाउसमध्ये. एसी आहे, माइक आहे, प्रोजेक्टर आहे. कामाच्या दिवशी सकाळी अकराला चावडीवर बोलावलं तर सोसायटीतलं कुणी येणार नाही, आणि मग पुन्हा ठराव तेच दहा जण करणार.

सातबारा

क्लबहाउस! तुमच्या गेटवर परवा माझ्या दुधाच्या पोराला फोनवर ओटीपी आल्याशिवाय आत सोडला नाही. अख्ख्या आळीने ओटीपी मागत रांग लावायची का? देवळाच्या मंडपात घ्या. तीनशे माणूस मांडी घालून बसतं.

उंबरठा

देवळात सगळे येत नाहीत, हे तुम्हालाही माहितीये. शाळेत घ्या. बाकं आहेत, फळा आहे, बायकांना संकोच नाही, आणि गावाला आणि सोसायटीला सारखंच अंतर.

खवचट

शाळेचा वर्ग हवा असेल तर क्षेत्रीय कार्यालयात लेखी अर्ज, दोन प्रतींत. कारण म्हणून 'क्षेत्रसभा' लिहा. तिथला कारकून विचारेल, "हे काय असतं?"

नदीकाठचा

विचारू दे. अर्जात कलम २९ब लिहितो, आवक क्रमांक घेऊन इथे टाकतो. @टँकरग्रस्त, दुसऱ्या प्रतीवर सोसायटीच्या लेटरहेडवर तुमची सही हवीय. @सातबारा, तुमचीही, त्याच कागदावर.

सातबारा

त्याच्या खाली नको. बाजूला करीन.