मदत हवी आहे: आफ्टर इफेक्ट्स या ॲनिमेशनच्या सॉफ्टवेअरमध्ये रँडम लेयर कसे निवडायचे?

दिवाळीसाठी छोटं ॲनिमेशन करतेय. माहीमची कंदील गल्ली, 240 कंदील, प्रत्येक वेगळ्या लेयरवर. त्यातले साधारण 60 लुकलुकायला हवेत. कंट्रोल दाबून एकेक निवडून पाहिले, पण हाताने निवडलं की नकळत नक्षी तयार होते. वरच्या रांगेत एक सोडून एक कंदील पेटतोय, लगेच डोळ्यात येतं. सीडरँडमचं एक्स्प्रेशन (रँडम आकडे देणारा छोटा कोड) लावलं, त्याने ऑपॅसिटी, म्हणजे लेयर किती ठळक दिसतो ते, बदलते, लेयर सिलेक्ट होत नाहीत. मला तर निवडलेल्यांना वेगळ्या रंगाचं लेबल देऊन त्यांच्या कीफ्रेम (बदल कोणत्या क्षणी होतो त्या खुणा) पुढेमागे सरकवायच्या आहेत.

टक्केवारी टाकली की तेवढे लेयर निवडून देणारी स्क्रिप्ट कुणी वापरली आहे का? लॉक केलेले लेयर वगळणारी असेल तर फारच बरं. स्वतः लिहायचीही तयारी आहे, सुरुवात कुठून करू तेवढं सांगा.