मदत हवी आहे : लिंकन खरंच श्रद्धाळू होते का?

नमस्कार मंडळी. येत्या रविवारी अमळनेरला आमच्या वाचनालयात अब्राहम लिंकनवर अर्धा तास बोलायचंय आणि एका ठिकाणी गाडी अडलीये.

हा माणूस कुठल्याच चर्चचा रीतसर सभासद झाला नाही. पण अमेरिकेतल्या उत्तर विरुद्ध दक्षिण यादवी युद्धात ३० एप्रिल १८६३ हा दिवस देशभर उपवास-प्रार्थनेचा जाहीर केला. ४ मार्च १८६५ चं दुसऱ्या शपथविधीचं भाषण जेमतेम ७०० शब्दांचं. त्यात ते म्हणतात, दोन्ही बाजू एकच बायबल वाचतात, एकाच देवाला साकडं घालतात, आणि दोघांच्याही प्रार्थना फळणं शक्य नाही. युद्ध जिंकत आलेला नेता ‘देव आमच्याच बाजूने’ म्हणत नाही, याचंच मला नवल!

काल भरीत-भाकरी खाताना वडिलांना हे वाचून दाखवलं. ते म्हणाले, “देव मानायचा का मतं मागायचा?” मी गप्प. (भाषण निवडणूक जिंकल्यानंतरचं, हे हात धुताना आठवलं.)

१८६२ मध्ये मुलगा विली गेला, त्यानंतर त्यांच्या बोलण्यात देव वाढला का? कुणी अभ्यास केला असेल तर सांगा. श्रोते कापूसवाले शेतकरी नि निवृत्त गुरुजी, तेव्हा जड धर्मशास्त्र नको.