क्रिएटिनिन (स्नायूंतून येणारा टाकाऊ पदार्थ) क्लिअरन्स, म्हणजे मूत्रपिंडं मिनिटाला किती मिली रक्तद्रव त्यापासून साफ करतात ते, कमी: 50. पण रक्तातलं क्रिएटिनिन नॉर्मल: 0.9. कशावर विश्वास ठेवायचा?

जुळेसोलापूर_लॅब: यंत्रमाग कामगार, पुरुष, वय 45, वजन 60 किलो. चोवीस तासांची लघवी 720 मिली, तिच्यात क्रिएटिनिन डेसिलिटरला 90 मिग्रॅ, रक्तात 0.9. 720 भागिले 1440 मिनिटं म्हणजे मिनिटाला 0.5 मिली, 90 × 0.5 ÷ 0.9 = 50. रक्तातलं क्रिएटिनिन, वय आणि लिंग यांवरून अंदाज काढणाऱ्या सीकेडी-ईपीआय 2021 सूत्राने जीएफआर (मूत्रपिंडं मिनिटाला किती मिली गाळतात) 107 च्या आसपास येतो. मे महिन्याच्या उन्हाने लघवी कमी झाली म्हणून क्लिअरन्स पडला असेल का?

मूत्रपिंड_वर्ग: उन्हाला दोष देऊ नका. घाम जास्त गेला की लघवी कमी होते, पण तेवढीच घट्टही होते. लघवी × तिच्यातलं क्रिएटिनिन हा गुणाकार जवळपास तोच राहतो. आधी एकूण क्रिएटिनिन काढा. 7.2 डेसिलिटर × 90 = 648 मिग्रॅ, म्हणजे किलोमागे 10.8. धडधाकट पुरुषात 20 ते 25 हवं, बाईत 15 ते 20. जवळजवळ अर्धी लघवी कॅनपर्यंत आलेलीच नाही. दिवसपाळीचा माणूस दुपारची लघवी कारखान्यातच करून मोकळा होतो. हा रिपोर्ट देऊ नका, सुट्टीच्या दिवशी परत गोळा करायला सांगा. (पेशंट वयस्कर, हाडकुळा असेल तर मात्र 20 ची अपेक्षा धरू नका, स्नायूच कमी असतात.)

बायोकेम_सोलापूर: सांगताना घोळ इथेच होतो: सकाळी 7 ची पहिली लघवी टाकून द्यायची, वेळ लिहायची. त्यानंतरचा प्रत्येक थेंब कॅनमध्ये, दुसऱ्या दिवशी 7 ची लघवीसुद्धा. पहिलीही ओतली तर क्लिअरन्स फुगतो. संडासला जाण्याआधी लघवी कॅनमध्ये करून घ्यायची, नाहीतर ती हमखास वाया जाते. कॅन फ्रिजमध्ये किंवा बर्फात ठेवा; सोलापूरच्या उकाड्यात जंतू वाढून क्रिएटिनिन मोडतं. नमुना काढण्याआधी कॅन नीट हलवा, मोजमाप नळकांड्यानेच घ्या. रक्त त्याच चोवीस तासांत काढा, आणि आदल्या रात्री मटण नको, शिजवलेल्या मांसाने रक्तातलं क्रिएटिनिन चढतं.

जुळेसोलापूर_लॅब: गोळा करणं चोख झालं, तर येणारा आकडा खरा जीएफआर धरायचा का?

मूत्रपिंड_वर्ग: थोडा जास्तच येतो. क्रिएटिनिन गाळलं जातंच, शिवाय मूत्रपिंडातल्या नलिकाही 10 ते 20 टक्के बाहेर टाकतात. मूत्रपिंड निकामी होत जाईल तसा हा वाटा वाढतो, म्हणून तिथे फसगत जास्त. सिमेटिडिन (ॲसिडिटीचं औषध) किंवा ट्रायमेथोप्रिम (प्रतिजैविक) चालू असेल तर हा वाटा अडतो; जीएफआर न बदलता रक्तातलं क्रिएटिनिन वाढतं. इन्युलिन (वनस्पतींतून मिळणारं कर्बोदक) फक्त गाळलं जातं, परत शोषलं जात नाही की नलिका टाकत नाहीत, म्हणून जीएफआर मोजण्याचा मापदंड तेच. पण सलाईनमधून सतत द्यावं लागतं, त्यामुळे रोजच्या कामात ते कोणी वापरत नाही.